ओझीतचा डावा अंगठा

माझी आत्या दोमितील कधी चुकत नाही, असं आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर म्हणायचे. मासळीच्या कारखान्यात तिच्याबरोबर हेरिंग साफ करणाऱ्या बायका म्हणायच्या, देवळातले फादर म्हणायचे, आणि पुढेपुढे तर युनिव्हर्सिटीतले चष्मेवाले प्रोफेसरही म्हणायला लागले. गेल्या नोव्हेंबरात, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती गेली, तेव्हा शवपेटीशेजारी उभं राहून निदान पंधरा जणांनी मला हेच ऐकवलं. मी मान डोलावत राहिले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता तिचा राग येतो, आणि तरी तिच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसू देववत नाही.

आमच्याकडे आडनाव कुणी विचारत नाही. नोव्हा स्कोशियात सेंट मेरीच्या उपसागराच्या काठाकाठाने दिवसभर चाला, सगळ्या घरांत मिळून पाच-सहा आडनावं सापडतील. म्हणून माणूस ओळखायचा तो बापाच्या आणि आज्याच्या नावाने. मी म्हणजे मग्लोआरच्या लुईची एल्मिर. आत्या म्हणजे थेओतीमच्या मग्लोआरची दोमितील. एवढं सांगितलं की घर कळतं, घरातलं भांडण कळतं आणि कुणाचं नाक कुणाकडून आलंय तेही कळतं.

आत्याला पिढ्यांचं हे वेड तिच्या आजीने लावलं. आमच्याकडे सणाला रापूर करतात. बटाट्यांचा ढीग किसायचा, फडक्यात पिळून कोरडा करायचा, मग त्यावर कोंबडीचा उकळता रस्सा ओतून भट्टीत लावायचा. किसायला दोन तास जातात आणि बोटांची सालटी निघतात ती वेगळीच. आजी किसता किसता पिढ्या म्हणायची आणि आत्याकडून म्हणून घ्यायची. चुकली की पहिल्या नावापासून परत सुरुवात. इंग्रजांनी आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना घराबाहेर काढलं तेव्हा देवळातल्या नोंदवह्या गेल्या त्या गेल्याच. बारा-पंधरा वर्षांनी जी माणसं परत आली, त्यांच्याकडे बोटीने पहिले फादर आले, तेव्हा लग्न लावण्याआधी एकेकाला उभं करून पिढ्या तोंडाने म्हणायला लावल्या. म्हणता आल्या नाहीत तर लग्न नाही. तेव्हापासून आमच्या घरात पिढ्या पाठ करायची रीत पडली ती आत्यापर्यंत टिकली. माझ्यापर्यंत नाही. मी बटाटे मिक्सरला लावते.

आत्याने लग्न केलं नाही. सहावीपर्यंत शिकली, तीही इंग्रजी शाळेत, जिथे आपली भाषा तोंडातून निघाली की हातावर पट्टी बसायची. मग चाळीस वर्षं मासळी. पण कारखान्यातून आली की हात लिंबाने घासायची, आणि जेवणाच्या टेबलावर जाड कागदाची ती भली मोठी गुंडाळी उलगडून बसायची. लग्न ठरवायच्या आधी पोरंपोरी तिला विचारायला येत.

"दोमितील, आमचं नातं किती जवळचं लागतं?"

"दोन्हीकडून चौथी पिढी. करा लग्न. पोरांचे कान मात्र बाहेर येणार, ते आधीच सांगून ठेवते."

आणि यायचेच कान बाहेर.

त्या गुंडाळीच्या मुळाशी एक बाई होती. ओझीत. आमच्या घराण्याचं सगळं तिच्यापासून सुरू होतं. आत्याने तिच्यामागे सगळी उमेदीची वर्षं घातली. हॅलिफॅक्सला बसने जाऊन जुने कागद चाळले, बॉस्टनला दोनदा गेली, इंग्रजांनी माणसांची खानेसुमारी केली होती तिच्या नकला आणल्या. तिने जे गोळा केलं ते मला पाठ आहे, कारण दर नाताळात ऐकावंच लागायचं.

ओझीत पोर्ट-रॉयलजवळच्या खाजणातली. समुद्राला बांध घालून त्यांनी तिथे शेतं केली होती. नवरा शार्ल, पोरं चार: तीन मुलगे आणि धाकटी रोझाली, सहा वर्षांची. खाजणातलं गवत कापताना ओझीतचा डावा अंगठा विळ्याने गेला होता. हे कुठल्याही कागदात नव्हतं बरं का. हे आजीने आत्याला सांगितलं, तिच्या आजीने तिला. आमच्या घरात ओझीतला "बिनअंगठ्याची" असंच म्हणायचे, पण बाहेरच्यांसमोर नाही.

सतराशे पंचावन्नच्या हिवाळ्याच्या तोंडाशी जहाजं आली. आमच्या लोकांना त्यांत कोंबून आताच्या स्टेट्समध्ये वाटून टाकलं. ओझीतच्या वाट्याला मॅसॅच्युसेट्स आलं. तिथल्या गावकऱ्यांनी खायला घालायला नको म्हणून पोरं आईबापांकडून काढून घेतली आणि एकेका शेतकऱ्याच्या घरी राबायला दिली. शार्ल देवीने मेला. दहा वर्षांनी ओझीत तीन मुलग्यांना घेऊन पायी निघाली, महिनेच्या महिने चालली, आणि इथे पोचली तर तिच्या खाजणात इंग्रजांची गुरं चरत होती. तिला मिळाला हा दगडधोंड्यांचा किनारा. इथे तिने बाझील नावाच्या विधुराशी लग्न केलं, आणि चाळिशीत तिला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं रोझाली. आम्ही सगळे या रोझालीचे.

आता हे नीट ऐका, कारण सगळं यावर अडलंय. आमच्याकडे लेकरू गेलं तर त्याचं नाव पुढच्या लेकराला देतात. नाव मातीत घालवायचं नाही अशी रीत. पण जिवंत लेकराचं नाव दुसऱ्याला देणं, ते कुणी करत नाही. म्हणजे दुसरी रोझाली जन्मली, याचा अर्थ पहिली रोझाली वारली. आत्याला यासाठी कागद लागला नाही. तिने पहिल्या रोझालीच्या नावापुढे छोटा क्रूस काढला, लहानपणी गेलेल्या लेकरांपुढे ती काढायची तसा, आणि रेघ तिथेच थांबवली. आमच्या इथल्या कुणीही तेच केलं असतं. मीही तेच केलं असतं.

एक्याण्णव सालच्या सप्टेंबरात हॅरिएट आली.

मॅसॅच्युसेट्सहून एकटी गाडी चालवत आली होती. पन्नाशीची, उंच, शाळेत शिकवणारी. हातात चॉकलेटचा डबा. देवळात चौकशी केली तर फादरांनी तिला आत्याकडे धाडलं, दुसऱ्या कुणाकडे धाडणार. मी तेव्हा आत्याकडेच राहत होते, नवऱ्याशी पटेना म्हणून. आत्याला इंग्रजी उत्तम यायचं, चाळीस वर्षं इंग्रज मुकादमाच्या शिव्या ऐकल्या होत्या. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात ती इंग्रजी बोलायची नाही. म्हणून मधे मी.

हॅरिएटने बायबलमधल्या एका पानाचा फोटो टेबलावर ठेवला. तिच्या घराण्याचं जुनं बायबल. त्यात पहिल्या पानावर लिहिलं होतं: रोझाली, फ्रेंच मुलगी, वय सहा, १७५६ साली आमच्या घरी आली, आईचं नाव ओझीत. पुढे ती त्याच गावात वाढली, तिथल्याच एका चांभाराशी लग्न केलं आणि बहात्तराव्या वर्षी वारली.

आत्याने चष्मा लावून पाहिलं. चहा पुढे केला. गुळाच्या पाकाची बिस्किटं डब्यात होती, ती काढली नाहीत. तेवढ्यावरूनच मला कळलं की हवा बरी नाही.

"तिला सांग, ओझीत नावाच्या बायका तेव्हा पोत्याने होत्या."

मी सांगितलं. हॅरिएट म्हणाली, "मला तुमच्या पद्धतीने म्हणून दाखवायचंय. चालेल?"

आणि ती खुर्चीतून उठली. खरंच उठून उभी राहिली, फादरांसमोर उभे राहायचे तशी. तिने हे कुठल्या तरी पुस्तकात वाचलं असणार. आमच्या भाषेत, मोडक्यातोडक्या उच्चारांत, तिने म्हणायला सुरुवात केली. हॅरिएट, एडनाची. एडना, क्लॅराची. क्लॅरा, अ‍ॅबिगेलची. अ‍ॅबिगेल, मर्सीची. मर्सी, लिडियाची. लिडिया, पेशन्सची. पेशन्स, रोझालीची. रोझाली, ओझीतची.

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. एकदाही अडखळली नाही बाई.

आत्या म्हणाली, "आमच्यात बापाकडून म्हणतात."

मी ते इंग्रजीत सांगितलं. हॅरिएट हळूच म्हणाली, "बापाचं नाव तिला आठवत नव्हतं. सहा वर्षांची होती ती."

आत्याने गुंडाळी उलगडली आणि क्रूसावर बोट ठेवलं. "हिला सांग, आमची रोझाली वारली. तिच्या आईने तिचं नाव धाकटीला दिलं. आई जिवंत पोरीचं नाव देत नसते. तुझी रोझाली दुसऱ्या कुणाची तरी असेल. शोध म्हणावं."

मी कधी कधी आत्याचं बोलणं जरा मऊ करून सांगायचे. त्या दिवशी नाही केलं. का नाही केलं ते मला आजही कळत नाही. कदाचित स्टेट्सची बाई येऊन आमच्या ओझीतवर हक्क सांगते याचा मलाही राग आला असेल. मी शब्दाला शब्द सांगितलं, "ती मुलगी मेली."

हॅरिएटने फोटो पिशवीत घातला. दारात वळून म्हणाली, "माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. अंथरुणावर आहे. तिला सांगून आले होते की आपली माणसं शोधून येते." मग गाडीत बसून गेली. आत्याने चॉकलेटचा डबा फादरांना पाठवून दिला.

मला वाटलं विषय संपला. ब्याण्णवच्या वसंतात मी वेगळं बिऱ्हाड केलं. त्यानंतर हॅरिएटचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. आणि चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये आमच्या घराण्याचा मेळावा झाला. नऊशे माणसं आली, लुईझियानापासून. युनिव्हर्सिटीने आत्याच्या गुंडाळीचं पुस्तक छापलं, आणि देवळाशेजारी दगड बसवला. त्यावर कोरलंय: "रोझाली, ओझीतची जगलेली एकुलती एक लेक, आम्हा सर्वांची आई." आत्याने निळा झगा घातला होता. पडदा तिनेच ओढला. प्रोफेसर माइकवर म्हणाले की सहावी शिकलेल्या या बाईने जे केलं ते आमच्या डिपार्टमेंटला जमलं नसतं. टाळ्या थांबेनात. आत्या रडली, आणि मी तिला रुमाल दिला. मला तेव्हा वाटलं की ती आनंदाने रडतेय.

आता यंदाच्या मार्चकडे येते. तिचं घर आवरायला घेतलं. पुस्तकं, पत्रं, खानेसुमारीच्या नकला, सगळं नीट खोक्यांत लावलेलं, खोक्यांवर वर्षं लिहिलेली. फक्त एक पाकीट खोक्यात नव्हतं. रापूरची किसणी ती एका कापडी पिशवीत ठेवायची, त्या पिशवीच्या तळाशी होतं. मी किसणी फेकायला काढली होती म्हणून सापडलं, नाहीतर कचऱ्यातच गेलं असतं.

पाकीट फोडलेलं होतं. ब्याण्णवच्या मे महिन्यातलं, हॅरिएटचं. आत एक छोटं पत्र आणि एका पानाची छायाप्रत. ज्या शेतकऱ्याच्या घरी ती फ्रेंच मुलगी राबायला होती, त्याची रोजनिशी हॅरिएटला गावच्या संग्रहात सापडली होती. पान १७६६ च्या मे महिन्याचं. त्या माणसाने लिहिलं होतं:

"आज मुलीची आई आली. बरोबर तीन तरणे मुलगे. आपल्या मुलखात परत चालले आहेत म्हणाले. बाईच्या डाव्या हाताला अंगठा नाही. मुलगी गोठ्यात जाऊन लपली, बाहेर येईना. मला ही बाई माहीत नाही, मी जाणार नाही, म्हणाली. तिला आता त्यांची भाषा येत नाही. बाई अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभी होती. जाताना लोकरीचे मोजे ठेवून गेली. मोजे लहान मुलाच्या मापाचे आहेत."

मी ते पान किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. पोरगी सोळा वर्षांची झाली होती आणि आईने मोजे विणले होते सहा वर्षांच्या पायाचे. दहा वर्षं तिच्या डोक्यात पोरीचा पाय वाढलाच नाही.

म्हणजे रोझाली मेली नव्हती. तिने आईला नको म्हटलं होतं. आणि आईने इथे येऊन, पुढची मुलगी झाल्यावर, जिवंत पोरीचं नाव काढून हिला दिलं. रागाने दिलं की दुःखाने, ते देव जाणे. पण ज्या रीतीवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला, ती रीत आमच्याच ओझीतने मोडली होती. मोडली आणि कुणाला सांगितलं नाही. फादरांसमोर उभं राहून पिढ्या म्हणताना तिने पहिल्या रोझालीला मेलेली म्हणून सांगितलं असणार. कशी म्हणाली असेल, तिच्या जिवाला काय झालं असेल?

हॅरिएटच्या पत्रात चारच ओळी होत्या. "मी तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही. फक्त एक विचारते. तुमच्या ओझीतला डावा अंगठा नव्हता का? होय किंवा नाही, एवढंच लिहा. आई रोज विचारते."

आणि छायाप्रतीच्या कडेला, अंगठ्याच्या ओळीशेजारी, आत्याच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: "खरं आहे." खाली तारीख. २२ मे १९९२.

मेळाव्याला दोन वर्षं होती. दगडावर अजून छिन्नी लागली नव्हती. पुस्तक छापायला गेलं नव्हतं. एक शब्द लिहून पोस्टात टाकायचा होता फक्त. तिला अंगठ्याचं कळलं नसेल असंही म्हणता येत नाही. जगात ती गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती, ती एका इंग्रज शेतकऱ्याच्या वहीत निघाली. याहून पक्का पुरावा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी गुंडाळी उलगडली. पहिल्या रोझालीपुढचा क्रूस पाहिला. बाकी सगळे क्रूस बारीक, फिकट शाईचे. हा एक पुन्हा गिरवलेला होता, जाड, काळा. बरं, पाकीट जाळलंही नाही तिने. मला सांगितलंही नाही. किसणीच्या पिशवीत ठेवलं, जिथे दर सणाला तिचा हात जायचा. एकतीस वर्षं तिने त्या पाकिटावरून किसणी काढली, बटाटे किसले, आणि आम्हाला वाढलं. आम्ही बोटं चाटत खाल्लं.

मला समजतं तिने का केलं. पट्टी खाल्लेली, मासळीचा वास मारतो म्हणून बसमध्ये शेजारी कुणी न बसणारी बाई. तिच्याकडे एवढंच होतं की दोमितील चुकत नाही. ते गेलं असतं तर मागे काय राहिलं असतं? समजतं मला. पण समजलं म्हणून राग जात नाही. एका अंथरुणावरच्या म्हातारीला तिने एका शब्दासाठी तरसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेळाव्याचा अध्यक्ष अनसेल्म याच्याकडे गेले. लांबचा भाऊ लागतो. ऑगस्टमध्ये पुन्हा मेळावा आहे, तीस वर्षांनी. मी सगळं टेबलावर मांडलं.

"दगड बदलायला हवा," मी म्हटलं.

"एल्मिर, दगड काय खोडरबराने पुसायचा?"

"दुसरा कोरा."

"अगं अडीचशे वर्षं झाली. कुणाला काय पडलंय? आणि आत्याचं नाव खराब करून तुला काय मिळणार? बाई जाऊन चार महिने नाही झाले." मग म्हणाला, "त्या स्टेट्सवाल्यांना बोलाव हवं तर. कार्डावर छापू, जेवण फुकट."

त्याच्याशी बोलून काही उपयोग नव्हता. घरी आले, दाढीचं पातं घेतलं आणि गुंडाळीवरचा तो क्रूस खरवडायला बसले. आत्याने इतका दाबून गिरवला होता की शाई निघाली तेव्हा कागदही निघाला. नावापुढे भोक पडलं.

हॅरिएट सापडेल असं वाटलं नव्हतं. पत्रावरच्या गावातल्या वाचनालयात फोन केला. तिथल्या मुलीने दोन दिवसांनी नंबर दिला, म्हाताऱ्यांच्या एका निवासाचा. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. फोन तिनेच उचलला.

"मी एल्मिर बोलतेय. नोव्हा स्कोशियाहून. दोमितीलची भाची."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग म्हणाली, "चहा ओतणारी."

"तीच मी."

"आत्या गेल्या का तुमच्या?"

"नोव्हेंबरात."

"मग माझं पत्र सापडलं असेल."

कागदावर लिहिलेलं सगळं मी विसरले. "अंगठा नव्हता," मी म्हटलं. "डावा. गवत कापताना विळ्याने गेला होता. आम्ही तिला बिनअंगठ्याची म्हणतो."

"मला माहीत होतं," हॅरिएट म्हणाली.

"कसं काय?"

"उत्तर आलं नाही म्हणून. 'नाही' असतं तर तुमच्या आत्याबाईंनी त्याच दिवशी लिहिलं असतं. आनंदाने लिहिलं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "पण हे आईला पटेना. तिला तुमच्याकडून शब्द हवा होता. रोज विचारायची, पोस्ट आलं का? सहा महिने विचारलं. मी शेवटी खोटं सांगणार होते की आलं. पण शाळामास्तरीण ना मी, खोटं बोलायला उशीर केला. उद्या सांगेन म्हटलं आणि ती त्याच रात्री गेली."

मला माफी मागायची होती. मी मागितलीही, दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी ती "असू द्या" म्हणाली, बसमध्ये पाय लागल्यावर म्हणतात तसं. मग मी मेळाव्याचं काढलं. या, मी म्हटलं, तुमच्या मुलांना घेऊन या. त्या दिवशी उभं राहून म्हटलंत ती सगळी नावं नऊशे माणसांसमोर म्हणा. दगडाचं मी बघते. दगडाचं मला काहीच बघता येणार नव्हतं, तरी बोलून गेले.

"एल्मिरबाई," ती म्हणाली, "ते रोजनिशीचं पान वाचलं तेव्हा मला त्या पोरीचा फार राग आला होता. आई फाटकाशी उभी आणि ही गोठ्यात. म्हटलं, काय काळजाची असेल. आता नाही राग येत. दहा वर्षांनी आलेल्या माणसाबरोबर कोण जातं? आणि तुम्ही तर बत्तीस वर्षांनी आलात."

मी समोरची गुंडाळी जवळ ओढली.

"रोझालीला लिहा तुमच्या कागदावर," ती म्हणाली. "ती तुमची होती, कुणी काही म्हणो. पण तिच्या खाली रेघ ओढू नका. माझी आई नको, मी नको, माझी मुलं नकोत. आम्हाला आता त्यात घालू नका. एवढं कराल?"

"होय," मी म्हटलं.

तिने आभार मानले आणि फोन ठेवला. बत्तीस वर्षांत आमच्या घरातून तिला मिळालेलं ते पहिलं होय होतं.